संगणकाला कायमचा पत्ता देताना

दिवाळीच्या सुट्टीनंतर कार्यालय उघडते आणि प्रिंटर कोणाचेच ऐकेनासा होतो. केबल जागेवर, कागद भरलेला. तरी एकाही संगणकाला तो सापडत नाही. अशा वेळी यंत्र बिघडलेले नसून त्याचा पत्ता बदललेला असण्याची शक्यता बरीच असते.

नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.२५ अशा स्वरूपाचा आयपी पत्ता लागतो. तो वाटणाऱ्या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. मात्र हा पत्ता भाडेपट्ट्याने मिळतो. मुदत संपेपर्यंत यंत्र बंद राहिले, तर तो दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ शकतो. एरवी त्याने बिघडत नाही. पण प्रिंटर किंवा हिशेबाची माहिती साठवणारा संगणक इतरांना ठरल्या जागी सापडलाच पाहिजे.

प्रत्येक यंत्रावर हाताने पत्ता लिहिणे हा सोपा वाटणारा मार्ग. त्याची नोंद कोणी ठेवत नाही आणि एके दिवशी दोन यंत्रे एकाच पत्त्यावर हक्क सांगतात. त्यापेक्षा सर्व्हरवरच पत्ता राखून ठेवणे श्रेयस्कर.

त्यासाठी यंत्राचा मॅक पत्ता हवा. हा बारा अंक-अक्षरांचा क्रमांक नेटवर्क कार्डाचा असतो. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा दिल्यास ‘फिजिकल ॲड्रेस’पुढे तो दिसतो. लॅपटॉपला केबलचा व वाय-फायचा असे दोन निरनिराळे मॅक पत्ते असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

विंडोज सर्व्हरमध्ये ही नोंद ‘रिझर्व्हेशन्स’ या विभागात होते. लिनक्सवरील ‘डीएचसीपीडी’च्या फाईलमध्ये ‘होस्ट’ या शीर्षकाखाली मॅक पत्ता आणि ‘फिक्स्ड-ॲड्रेस’ लिहितात. येथे राखीव पत्ता सर्वसाधारण वाटपाच्या मालिकेबाहेरचा निवडावा. एखादा अर्धविराम राहिला तरी सर्व्हर पुन्हा सुरू होत नाही आणि हळूहळू साऱ्या कार्यालयाचे पत्ते संपुष्टात येतात. म्हणून आधी फाईल तपासून घ्यावी. ‘डीएचसीपीडी’ची नियमित देखभाल आयएससी या संस्थेने २०२२ मध्ये थांबवली. नव्या मांडणीसाठी तिचाच ‘केआ’ हा सर्व्हर घ्यावा.

अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) पासून फोन वाय-फायवर खऱ्याऐवजी कल्पित मॅक पत्ता दाखवू शकतात. फोनसाठी पत्ता राखायचा असल्यास त्या नेटवर्कपुरती ही सोय बंद करावी. तसेच मॅक पत्त्याची नक्कल सहज करता येते. तेव्हा राखीव पत्ता म्हणजे सुरक्षेचे कुलूप, असे मात्र समजू नये.