तारेविना ड्रिल आणि किल्लारीची भिंत

१/
गेल्या दोन दशकांत लातूर-नांदेडच्या सुतारांच्या, गवंड्यांच्या आणि विद्युतकाम करणाऱ्यांच्या पिशवीत एक नवे हत्यार आले : बॅटरीवर चालणारे, तार नसलेले ड्रिल. जुन्या घराची दुरुस्ती किंवा फेरबदल करताना आज ते सर्रास दिसते. या हत्याराला इतिहास आहे. ते ज्या भिंतीवर टेकवले जाते त्या भिंतीलाही इतिहास आहे, आणि मराठवाड्यात तो जीवनमरणाचा आहे. हा थ्रेड या दोन इतिहासांच्या भेटीविषयी.

२/
आधी एका लोकप्रिय समजाविषयी. ‘बिनतारी ड्रिल नासाने चंद्रासाठी शोधले’ असे वाक्य आपण अनेकदा वाचतो. ते बरोबर नाही. विजेवर चालणारे हाती ड्रिल जर्मनीतील श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका ही आजची ओळखीची रचना अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीची. तिचे पेटंट १९१७ चे. याच कंपनीने निकेल-कॅडमियम बॅटरीवरचे पहिले बिनतारी ड्रिल १९६१ मध्ये बाजारात आणले. म्हणजे नासाच्या कामाच्या आधीच.

३/
मग नासाचा संबंध कोठे येतो? अंतराळात बोल्ट फिरवायला गेले की बोल्टऐवजी माणूसच फिरू लागतो. म्हणून जेमिनी मोहिमांसाठी अंतराळवीराला उलटा झटका न देणारे बिनतारी हत्यार तयार करण्यात आले. पुढे अपोलो मोहिमांसाठी चंद्राची जमीन पोखरणारे ड्रिल झाले. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटला ते वापरताना फार कष्ट पडले. जमिनीत गेलेली नळी बाहेर काढताना तर दोघा अंतराळवीरांना जोर लावावा लागला. सारांश, नासाने हत्यार शोधले नाही. त्याचा कस पाहिला.

४/
सुरुवातीची बिनतारी हत्यारे अशक्त होती. निकेल-कॅडमियमच्या एका घटाचा दाब १.२ व्होल्ट. बारा व्होल्ट हवे तर दहा घट, म्हणजे हाताला वजन. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. हातहत्यारांत ती २००५ च्या सुमारास आली. तिचा एक घट ३.६ व्होल्टचा, म्हणून पाच घटांत १८ व्होल्ट. दुकानात ‘२० व्होल्ट’ लिहिलेले यंत्र दिसते, तेही बहुधा तेच पाच घट असतात. पूर्ण भरलेल्या क्षणी प्रत्येक घट ४ व्होल्टच्या आसपास असतो, एवढाच फरक.

५/
आता आपल्या भूमीकडे वळू. लातूर-नांदेड भागातील जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर. घराचे माप ‘खणां’त सांगत : पाच खणांचे घर, सात खणांचे घर. माळवद उन्हाळ्यात थंडावा देई. मात्र दर पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पडे, आणि पिढ्यानुपिढ्या डोक्यावरचा भार वाढत जाई.

६/
भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण तशी ती नव्हती. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मध्ये बारीक दगड व माती. दोन थरांना एकत्र धरणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड अनेक घरांत घातलेलाच नसे. म्हणजे अडीच-तीन फुटांची ती ‘भक्कम’ भिंत म्हणजे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन स्वतंत्र भिंती होत्या.

७/
३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. औसा तालुक्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात भूकंप झाला. तीव्रता सुमारे ६.२. जगाच्या मानाने हा आकडा फार मोठा नव्हे. तरीही सरकारी नोंदींनुसार सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तोवरच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला.

८/
भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि कोसळले. वरून माळवदाची माती आली. मात्र काही घरांत भिंती पडूनही लाकडी खांबांनी माळवद पेलून धरले आणि आतली माणसे वाचली. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी या गोष्टीची नोंद घेतली. पुढच्या दुरुस्तीच्या पद्धतीचे बीज तेथेच होते : भिंतीचे थर एकमेकांना बांधा, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे आधार द्या, माळवदावरची जादा माती उतरवा.

९/
पुनर्वसन म्हटले की आपल्याला नवी गावे आठवतात. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. पण जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या त्या कार्यक्रमाचा संख्येने मोठा भाग वेगळाच होता : तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि बळकटीकरण. हे काम ठेकेदाराने नव्हे, घरमालकाने करायचे होते. गावोगावी महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आल्या. तंत्र समजून घेणे आणि घरोघरी समजावणे हे त्यांचे काम.

१०/
बळकटीकरणाची सर्वांत नाजूक पायरी म्हणजे उभ्या भिंतीत आरपार भोक पाडणे. पद्धत अशी : एका दगडाभोवतीची माती खरवडायची, दगड पहारीने अलगद हलवून सुटा करायचा, मग मधली माती हळूहळू काढत सुमारे तीन इंचांचे भोक पलीकडे न्यायचे. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. साधारण मीटरभर अंतरावर पुन्हा तसेच. घाव घालायचा नाही, कारण घावाने भिंतीच्या पोटातील माती सुटते आणि जी भिंत सांधायची तीच मोडते.

११/
म्हणजे १९९४ नंतरच्या त्या दुरुस्तीची हत्यारे होती पहार, छिन्नी, घमेले आणि संयम. सुताराकडे गिरमिट, आणि दोरीच्या धनुकलीने फिरवायचा सामता. जुन्या सागवानात थेट खिळा ठोकला तर लाकूड चिरते. म्हणून आधी सामत्याने भोक आणि मग खिळा. विजेची ड्रिले शहरांत होती, पण खेड्यातील दुरुस्तीवर ती नेणे अवघड. तार लांब न्यायची, आणि वीज असेल तेव्हाच काम करायचे.

१२/
वीज मात्र नसे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते, आणि त्याची सर्वाधिक झळ ग्रामीण भागाला बसली. मजुरी दिवसाची आणि वीज काही तासांची, हा हिशेब कोणत्याही मिस्त्रीला परवडणारा नव्हता. याच काळात, २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेड शहरात रस्ते रुंद झाले आणि जुन्या घरांच्या दर्शनी भागांचे रूप बदलले. दुरुस्तीची मागणी वाढत होती आणि वीज तुटपुंजी होती. बिनतारी हत्यार येथे चैनीची वस्तू म्हणून रुजले नाही. रात्री वीज असताना बॅटरी भरायची आणि दिवसा ती वापरायची, अशी ती सोय होती.

१३/
या सोयीची मर्यादाही समजून घ्यावी. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ९० वॉट-तास ऊर्जा असते. ६०० वॉटचे यंत्र अखंड चालवले तर ती नऊ मिनिटांत संपेल. स्क्रू पिळण्याचे काम थांबत थांबत होते, म्हणून तीच बॅटरी अर्धा दिवस पुरते. दगड कापायला लागलात तर चहा येण्याआधी संपते. शिवाय मे महिन्यात येथील तापमान चाळिशीच्या पुढे जाते. तापलेली बॅटरी अनेक चार्जर भरूनच घेत नाहीत; तिला सावलीत निवू द्यावे लागते. आमच्याकडे ती माठाशेजारी ठेवली जाई.

१४/
‘आमच्याकडे’ म्हणालो, कारण हा विषय मला ग्रंथालयात सुचला नाही. दोन वर्षांपूर्वी औसा तालुक्यातील आमच्या जुन्या घराची दुरुस्ती निघाली : दोन खणांवरचे माळवद उतरवून पत्रे टाकायचे आणि स्वयंपाकघरात नवी वायरिंग करायची. सुट्टीत मी हाताखाली काम करत होतो. माळवदाच्या लाकडात बिनतारी ड्रिलने आधी भोक पाडून स्क्रू पिळताना मला त्याचे मोल कळले. एकही घाव नाही, एकही फळी चिरली नाही, आणि शिडीवर पायांत गुंतायला तार नाही.

१५/
मग भिंतीची पाळी आली. मी ड्रिलवरचे कडे फिरवून हातोडीच्या खुणेवर आणले. या यंत्रावर बहुधा तीन खुणा असतात : स्क्रू, साधे भोक आणि हातोडी. तिसरीवर यंत्र फिरताना मिनिटाला हजारो सूक्ष्म घाव घालते. साठीचे मिस्त्रीकाका खालून ओरडले, “हॅमर नगं लावू बाळा! भित पोकळ हाय. दोन कातडी अन् मधी माती.” १९९४ च्या सूचनेचा सारांश त्यांनी चार शब्दांत सांगितला होता. मी तोवर एक भोक सुरू केले होते. गिलाव्यामागून माती झरू लागली आणि मूठभर झाली तरी थांबेना. शेवटी ओल्या मातीचा बोळा कोंबून ती थांबवावी लागली.

१६/
खरी चूक त्यानंतर होणार होती. वायरिंगची नळी बसवण्यासाठी कटरने खाच पाडायची होती, आणि आखलेल्या रेषेवर भिंतीत सिमेंटचा एक गोल ठिपका होता. कामावरचा तरुण म्हणाला, जुना डाग आहे, कापून टाकू. ओट्यावर बसलेली आजी उठून आली. “त्याला हात लावायचा न्हाई. आत सळई हाय. आम्ही बायांनी उभं राहून घातलीय ती.” भूकंपानंतर गावात संवाद सहायकांच्या बैठका होत, त्यांना ती जात असे. त्या भिंतीवर असे सात ठिपके आहेत. मी त्याच घरात वाढलो आणि एकाचाही अर्थ मला ठाऊक नव्हता.

१७/
येथे मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थांबावेसे वाटले. त्या कार्यक्रमाचे अहवाल जपून ठेवलेले आहेत. पण कोणत्या घराच्या कोणत्या भिंतीत सळई आहे, ही माहिती कागदावर नसून त्या वेळच्या स्त्रियांच्या आणि मिस्त्रींच्या स्मरणात आहे. ती पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. शिवाय अनेक कुटुंबांनी त्या वेळी मदतीच्या रकमेत जुन्या भिंती बळकट करण्याऐवजी नवी पक्की खोली बांधणे पसंत केले. दगडाची भीती बसली होती, ती समजण्यासारखी आहे. त्यामुळे सळई घातलेली घरे मुळातच थोडी. आणि ती ओळखणारे त्याहून थोडे.

१८/
पूर्वी भिंतीत भोक पाडायला अर्धा दिवस लागे. त्या अर्ध्या दिवसात कोणीतरी वडीलधारे येऊन विचारत, ‘काय करताय?’ आता दहा सेकंद लागतात, आणि कोणी विचारण्याआधी काम झालेले असते. दोष हत्याराचा नाही. त्याच ड्रिलने माळवदाचे लाकूड वाचवले. फक्त मंद हत्यार आपोआप जी विचारपूस घडवत असे, ती आता आपल्याला आठवणीने करावी लागेल.

१९/
‘तीस वर्षे झाली, आता काय?’ असे कोणी म्हणेल. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले आणि धक्के नांदेडपर्यंत जाणवले. मोठी हानी झाली नाही. पण जमीन शांत झालेली नाही, एवढे त्यांनी सांगितले.

२०/
म्हणून एक विनंती. आपल्या दगडमातीच्या घरात काम काढण्यापूर्वी भिंतीच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे गोल ठिपके आहेत का ते पाहा. दिसले तर त्यांची छायाचित्रे काढा, जमिनीपासूनचे अंतर लिहून ठेवा आणि काम करणाऱ्याला आधीच दाखवा. खाच ठिपक्यांपासून दूर न्या. अशा भिंतीवर हातोडीची खूण वापरू नका. खांब-तुळईच्या कोनातील तिरपे आधार अडचण वाटली तरी काढू नका. आणि घरातील आजीला विचारा. आमच्या घरातील सात ठिपक्यांचा नकाशा मी वहीत काढला आहे. आठवा, माळवदाच्या बाजूचा, तिने परवा फोनवर सांगितला.

थ्रेड समाप्त. आपल्या घरात असे ठिपके आढळले तर गावाचे नाव उत्तरात लिहा.