पायांचे दुखणे आणि बटाव्हियाच्या कोंबड्या

अतिलठ्ठपणावर शस्त्रक्रिया करून घ्यायला आलेला माणूस पुष्कळदा तक्रार सांगतो ती गुडघ्यांची. त्यात नवल नाही. चालताना गुडघ्यावर नुसते वजनच पडत नाही. तोल सांभाळणारे स्नायूही सांधा आवळत असतात. मेसियर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेत गुडघेदुखीच्या स्थूल रुग्णांवर मोजमाप केले. वजन एक किलो उतरले, की दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे त्यांना आढळले. विद्यार्थ्यांना तरफ शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

या शस्त्रक्रियांचा आरंभ १९५४ च्या सुमाराचा. मिनेसोटातील क्रेमेन व लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून दिली. वजन उतरले, पण कित्येकांचे यकृत बिघडले आणि काहींचे सांधे नव्यानेच दुखू लागले! ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराचा छोटासा कप्पा करून तो आतड्याला जोडला. आजची 'बायपास' तिच्यातूनच आली.

गुडघे हलके झाले, तरी काहींच्या बाबतीत गोष्ट तिथे संपत नाही. काही आठवड्यांनी तळव्यांची आग होते, बोटांना मुंग्या येतात, जिना चढताना पाय उचलत नाहीत. घरचे म्हणतात, "वजन उतरलं ना, अशक्तपणा यायचाच." पण हे दुखणे सांध्याचे नसून नसांचे असते. मेयो क्लिनिकने २००४ मध्ये अशा शस्त्रक्रियेच्या ४३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १६ टक्क्यांना हाताच्या वा पायाच्या नसांचा विकार जडला होता. पित्ताशय काढलेल्या स्थूल रुग्णांत हे प्रमाण ३ टक्के होते. ज्यांचे वजन फार झपाट्याने उतरले, उलट्या-जुलाब लांबले आणि जे आहारतज्ज्ञाकडे फिरकले नाहीत, त्यांना धोका अधिक होता.

याचे एक उत्तर मात्र शंभर वर्षांपूर्वीच सापडू लागले होते, तेही एका कोंबड्यांच्या खुराड्यात. डच वसाहतीतील बटाव्हियात (आजचे जाकार्ता) क्रिस्तियान आइकमान बेरीबेरीचे जंतू शोधत होते. १८८९ मध्ये त्यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला! त्यांना पुन्हा साधा तांदूळ मिळू लागला आणि पाय सुधारले. आचाऱ्याच्या या शिस्तीचे विज्ञानावर मोठे उपकार आहेत.

आइकमान यांना वाटले, भातात विष असते आणि कोंडा त्यावर उतारा आहे. त्यांच्यानंतर काम पाहणाऱ्या ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये ते उलटे केले: विष वगैरे काही नाही, कोंड्यातले काहीतरी अंगाला मिळत नाही. आपण गाईम्हशींना घालतो त्या कोंड्यातले हे द्रव्य म्हणजे थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व. १९२६ मध्ये बटाव्हियातच यान्सेन व डोनाथ यांनी त्याचे स्फटिक मिळवले.

साखरेपासून ऊर्जा मिळवायला थायमिन लागते आणि नसांची भूक मोठी. शरीरात त्याचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे पुरणारा. शस्त्रक्रियेनंतर खाणे चार घासांवर आलेले, त्यात रोज उलट्या. मग पाय बोलू लागतात. अशा रुग्णाला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले, तर उरलासुरला साठाही संपतो आणि मेंदूलाही इजा होऊ शकते. ब-१२ चे दुखणे वेगळे. त्याचा साठा यकृतात वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून त्याच्या अभावी येणारा बधिरपणा उशिरा उमटतो. तोवर गोळ्या बंद केलेल्या असतात.

शस्त्रक्रियेपूर्वी गुडघ्यांना आराम द्यायचा तो पाण्यातल्या व्यायामाने आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातातल्या काठीने. नंतर मात्र जीवनसत्त्वे कायमची घ्यावी लागतात. सुरुवातीच्या दिवसांत एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा चोळत न बसता लगेच इस्पितळ गाठावे. आणि उलट्यांबरोबर पायांना मुंग्या असतील, तर जाणते डॉक्टर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता थायमिन टोचतात.