सांगून झाल्यावर काय?

ऑक्टोबर १९७७ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ‘ऑल इन द फॅमिली’ या विनोदी मालिकेचा एक वेगळाच भाग दाखवला गेला. ईडिथची चुलतबहीण लिझ वारली आहे. लिझसोबत राहणारी व्हेरॉनिका चांदीचा टी-सेट आपल्याकडेच राहावा म्हणून ईडिथला विनवते. तो सेट इतका मोलाचा का, हे सांगताना तिला उघड बोलावंच लागतं: आम्ही नुसत्या एका घरात राहत नव्हतो, आमचा संसार होता. ईडिथ आधी गोंधळते, मग समजून घेते आणि सेट तिलाच देते. या भागाला लेखनाचं एमी पारितोषिक मिळालं आणि ते रास्तही होतं. पण मांडणी पाहा. जिच्या प्रेमाची ही गोष्ट, ती आधीच मेलेली आहे. जी सांगते ती एका भागापुरती पाहुणी आहे. मन बदलतं ते मालिकेतल्या नेहमीच्या पात्राचं. पुढच्या आठवड्यात व्हेरॉनिका कुठेही नाही. लेस्बियन पात्राने पडद्यावर ‘कमिंग आउट’ कसं करायचं याचा साचा अमेरिकी टीव्हीवर पुढे बरीच वर्षं हाच राहिला. माझ्या मते तो त्या स्त्रियांच्या जगण्यातून आलेला नव्हता. तो टीव्हीच्या धंद्यातून आला, आणि कथा सांगण्याची व विकण्याची रीत बदलू लागली तसतसा सैल होत गेला.

धंद्याची रीत अशी होती. विनोदी मालिकेचा प्रत्येक भाग स्वतःपुरता पूर्ण हवा, म्हणजे शेवटी सगळं पूर्ववत व्हायला हवं. पैसा जाहिरातदारांचा, त्यामुळे कोणालाही फार दुखवायचं नाही. शिवाय फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर या ‘स्वीप्स’च्या महिन्यांत नीलसन कंपनी ठिकठिकाणचा प्रेक्षकवर्ग मोजे आणि त्या आकड्यांवर स्थानिक केंद्रांचे जाहिरातींचे दर ठरत. म्हणजे प्रेक्षकाला चमकवायचं, पण ते आठवड्यापुरतंच. ‘द गोल्डन गर्ल्स’मध्ये १९८६ साली डोरोथीची मैत्रीण जीन येते, रोझच्या प्रेमात पडते आणि भाग संपताच जाते. ‘एल. ए. लॉ’मध्ये दोन स्त्री वकिलांचं चुंबन दिसलं तेही फेब्रुवारीत, १९९१ च्या. मार्च १९९४ मध्ये ‘रोझॅन’मधल्या गे बारमध्ये एक स्त्री रोझॅनचं चुंबन घेते. एबीसी वाहिनी तो भाग दाखवायलाच कचरत होती. प्रत्यक्षात उरलेला भाग रोझॅनच्या अवघडलेपणाचा आहे. चुंबन घेणारीच्या मनात काय चाललंय, हे त्या गोष्टीत दुय्यमच राहतं.

हा साचा मोडला तो ‘एलेन’ने, असं मानण्याचा प्रघात आहे. ३० एप्रिल १९९७ रोजी एबीसीवर एलेन डीजेनेरेसच्या नायिकेने विमानतळावर, चुकून चालू राहिलेल्या माइकसमोर, आपण गे आहोत हे सांगितलं. त्याआधी एलेनने स्वतःबद्दल हेच ‘टाइम’च्या मुखपृष्ठावरून जाहीर केलं होतं. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी तो भाग पाहिला. क्रायस्लर आणि जे. सी. पेनी यांनी जाहिराती दिल्या नाहीत. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या केंद्राने भाग दाखवायला नकार दिला, तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यांनी सभागृहात त्याचं जाहीर प्रदर्शन ठेवलं. इथवरची कथा विजयाची आहे. पण नायिका पाहुणी नव्हती, पुढच्या आठवड्यातही ती असणारच होती, आणि वाहिनीची खरी अडचण तिथेच सुरू झाली. एलेन आता प्रेमात पडणार, भांडणार, घर मांडणार. त्या वर्षी काही भागांआधी पालकांसाठी सूचना झळकू लागली, मालिका फारच ‘गे’ झाल्याची कुरकुर वाढली, प्रेक्षक घटले आणि १९९८ मध्ये मालिका बंद पडली. सांगण्याचा एक दिवस वाहिनीला विकता आला. सांगून झाल्यानंतरचं आयुष्य विकता आलं नाही.

यावर कोणी म्हणेल, हा हिशेब कृतघ्नपणाचा आहे. त्या रात्रीशिवाय पुढचं काही घडलंच नसतं. आणि बहुसंख्य प्रेक्षकांना सोबत न्यायचं तर ईडिथसारखं, त्यांच्यातलंच एखादं पात्र लागतंच. पहिलं म्हणणं बरंचसं मान्य आहे. एलेनने मोजलेली किंमत खरी होती. दुसरं मात्र अर्धंच पटतं. प्रेक्षकाला सोबत घ्यायचं म्हणजे त्यालाच कथेच्या मध्यभागी बसवायचं असं नव्हे. याचा पुरावा टीव्हीच्याच कमी प्रतिष्ठेच्या कोपऱ्यात, रोजच्या कौटुंबिक मालिकांत सापडतो. ज्या एबीसीला एलेन पेलली नाही, तिच्याच दुपारच्या ‘ऑल माय चिल्ड्रेन’मध्ये २००० साली बियांकाने आई एरिका केनला सांगितलं. आई हादरली आणि झटकन सावरली नाही, कारण आठवड्यातून पाच दिवस चालणाऱ्या मालिकेला अर्ध्या तासात समेट घडवण्याची घाई नसते. बियांका पुढे वर्षानुवर्षं त्या कथानकात राहिली. नुसती लांबी पुरेशी असते असंही नाही. ब्रिटनच्या ‘ब्रुकसाइड’मध्ये १९९४ च्या चुंबनाने गाजलेली बेथ पुढच्याच वर्षी तुरुंगात मरते. ‘बफी द व्हँपायर स्लेयर’मध्ये विलोने बफीला टारावरच्या प्रेमाबद्दल २००० मध्ये सांगितलं, आणि २००२ मध्ये टारा गोळी लागून मरते. २०१६ मध्ये ‘द हंड्रेड’मधली लेक्सा तशीच मेली तेव्हा चाहते खवळले ते याच पूर्वेतिहासामुळे.

नेटफ्लिक्सवर ना स्वीप्स होते, ना जाहिरातींच्या मधल्या जागा. तिथे २०१७ मध्ये ‘मास्टर ऑफ नन’चा ‘थँक्सगिव्हिंग’ हा भाग आला. लीना वेथने अझीझ अन्सारीसोबत तो लिहिला आणि विनोदी लेखनाचं एमी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. डेनिस आईला सांगते ते भागाच्या मध्यावर. त्याआधी तिचं लहानपण आहे, त्यानंतर आईचं रुसणं आहे, न आवडलेली प्रेयसी आहे, आवडलेली प्रेयसी आहे. सगळं नव्वदच्या दशकापासूनच्या सणांच्या पंगतींतून उलगडतं. त्याच वर्षीच्या ‘वन डे ॲट अ टाइम’मध्ये एलेनाचा बाप तिच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा सोडून निघून जातो. पुढच्या हंगामांत ही जखमही राहते आणि एलेनाचं प्रेमही फुलतं.

आता कोणी उलट बाजूने विचारेल की हे प्रसंग हवेतच कशाला. पात्र लेस्बियन आहे एवढं गृहीत धरून पुढे का जाऊ नये? काही मालिका तसं करतात आणि ते चांगलंच आहे. पण प्रत्यक्षात मुलींना आजही घरी सांगावं लागतं, तोवर तो प्रसंग गाळणं म्हणजे त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड भाग झाकणं. अडचण प्रसंगाची कधीच नव्हती, त्याच्या जागेची होती. म्हणून एखाद्या मालिकेचं धाडस मोजताना पात्राने किती ठासून सांगितलं, ऐकणाऱ्याने किती मोठं मन दाखवलं, हे पाहून भागत नाही. त्यानंतर किती भाग तिच्या वाट्याला आले आणि त्यांत तिला प्रेम, भांडणं, चुका आणि म्हातारपण यांतलं काय काय मिळालं, हे मोजावं लागतं.