जामखेडचें आरोग्य-नेतृत्व

इ. स. १९७० मध्यें डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील जामखेडीं येऊन राहिलें. दोघांचेंहि वैद्यकीय शिक्षण वेल्लोरचें. पुढें अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास. पण दुष्काळानें गांजलेल्या गांवकऱ्यांनीं औषधाआधीं अन्नपाणीच मागितलें! गांवोगांवीं परिचारिका ठेवण्याचा पहिला प्रयोगहि फसला. परक्या गांवांत त्यांचा पाय टिकेना. तेव्हां गांवानेंच निवडलेल्या स्त्रियांना शिकवावें असें ठरलें. त्यांत बहुतेकजणी निरक्षर, कित्येकजणी दलित. बाळंतपण, अतिसार, क्षय, कुष्ठ यांविषयींचें जें ज्ञान डॉक्टर सहसा स्वतःपाशीं राखतो, तें या बायांच्या हातीं सोंपविण्यांत आलें. पदवीधराला हें जड जातें. या दोघांनीं तें केलें, हेंच त्यांच्या नेतृत्वाचें मर्म म्हटलें पाहिजे. ज्या उंबऱ्याआंत या बायांना पूर्वीं प्रवेश नसे, तेथूनच बाळंतिणीसाठीं बोलावणीं येऊं लागलीं.

१९७९ सालीं उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें, तेंहि सामाजिक नेतृत्वासाठीं. मेबलबाई १९९९ मध्यें व रजनीकांत २०११ मध्यें निवर्तले. संस्थेची धुरा कन्या डॉ. शोभा यांजकडे आली. गांवांतल्या बाया आपल्या कामावर होत्याच.