मूत्रमार्गाचा संसर्ग

मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय व मूत्रनलिका यांपैकी कोणत्याही भागात सूक्ष्मजंतू वाढल्याने होणारा विकार. लघवीला जळजळ, थेंबथेंब व वारंवार लघवी आणि ओटीपोटात दुखणे ही नेहमीची लक्षणे.

कारणे : बहुतेक वेळा आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय हे जंतू गुदद्वाराजवळून मूत्रनलिकेत शिरून वर चढतात. क्लेबसिएल्ला, प्रोटियस व एंटेरोकॉकस हे इतर जंतू. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंमी. असल्याने त्यांना हा त्रास अधिक होतो. मधुमेह, मुतखडा, गर्भारपण, वाढलेली पुरःस्थ ग्रंथी आणि लघवीसाठी घातलेली नळी यांमुळे धोका वाढतो. उष्ण हवामानाचाही यात वाटा असतो. उदा., विदर्भातील वरोरा-चंद्रपूर पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५° से.पलीकडे जातो. अशा वेळी शरीराला पाणी कमी पडले की लघवी गडद होऊन जळजळते. अशी ‘उन्हाळी’ दरवेळी संसर्गाचीच नसते. मात्र कमी पाणी पिणे आणि आडोशाअभावी लघवी रोखून धरणे यांमुळे जंतू वाहून जात नाहीत.

वर्गीकरण : (१) जागेनुसार : खालचा (मूत्रनलिका व मूत्राशय) आणि वरचा (मूत्रपिंड). वरच्या संसर्गात थंडी वाजून ताप येतो व कुशीत दुखते. (२) गुंतागुंतीनुसार : निरोगी, गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या मूत्राशयाचा तो साधा; खडा, अडथळा, नळी किंवा गर्भारपण असल्यास तो सामान्यतः गुंतागुंतीचा. (३) पुनरावृत्तीनुसार : सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाल्यास वारंवारचा. (४) लक्षणहीन जंतुमूत्रता : लघवीत जंतू, पण त्रास नाही. गर्भवतींमध्ये तिच्यावर उपचार करतात. इतरांना सहसा औषध लागत नाही.

निदान : लघवीची सूक्ष्मदर्शक तपासणी व जंतुसंवर्धन. दर मिलिलिटरला एक लाख जंतुवसाहती हा रूढ निकष. लक्षणे असल्यास कमी संख्याही ग्राह्य धरतात. योनिमार्गाच्या संसर्गातही लघवीला जळजळ होत असल्याने दोन्हींत फरक करावा लागतो. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी केलेल्या, १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले, त्यांपैकी फार थोड्यांचीच पूर्वी तपासणी झाली होती. त्यामुळे या भागात नुसत्या तक्रारीवरून औषध देणे अपुरे ठरते.

उपचार : जंतूंना लागू पडणारे प्रतिजैविक ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे. ताप, उलट्या, कुशीत दुखणे किंवा गर्भारपण असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.