संगणकाची बाराखडी

१८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला शाळेची वेळ जमत नसेल, तर शाळेनेच आपली वेळ बदलावी, असा तो साधा विचार होता. वाचकहो, आज संगणकाच्या शिक्षणाची जी हकीकत आपल्याला सांगायची आहे, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे: बदलायचे कुणी, शिकणाऱ्याने की शाळेने?

१९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था सुरू झाली. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा आपणच तो करू, अशी ती जिद्द होती. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला आणि त्याचे कौतुकही पुष्कळ झाले. पण त्याच संस्थेत दुसरे एक काम चालले होते. संगणकाला आपल्या लिप्या शिकवण्याचे.

आता तुम्ही म्हणाल, यंत्राला कसली अक्षरे शिकवायची? अहो, यंत्राला कळतो फक्त आकडा! 'क' म्हणजे कोणता आकडा, हे आधी ठरवावे लागते. इंग्रजीची २६ अक्षरे सुटी सुटी उभी राहतात. आमच्या 'क'च्या मागे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरांचा मोठा संसार. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम पुण्यात 'जिस्ट' या नावाने वाढले. प्रत्येक वर्णाला एक आकडा द्यायचा आणि अक्षराचे रूप यंत्राने जुळवायचे, ही त्यातली युक्ती. १९९१ साली अशा आकड्यांचे भारतीय मानकही ठरले. कळफलकावर स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. मराठीचा 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर बंगालीचाही.

यंत्र मराठी शिकले. माणसांचे काय? २००१ साली राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय पुण्यात. पण त्याचा 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम तालुक्याच्या बाजारपेठेतल्या लहानशा वर्गापर्यंत पोचला. नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागू लागले, तशी गर्दीही वाढली.

मात्र प्रमाणपत्र म्हणजे उपयोग नव्हे. १९९८ साली वारणा परिसरात सुमारे ७० गावांत शेतकऱ्यांसाठी संगणक बसवले गेले. पुढे असे दिसले, की शेतकऱ्याला मुख्यतः हव्या होत्या उसाच्या नोंदी. मग काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशांवर तेच काम करून पाहिले, आणि ते भागले! गरज आधी ओळखावी, यंत्र मागून आणावे, हा धडा तिथे मिळाला.

पूर्वी आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. घरातली गोष्ट चार कानांवर जाई. आज अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणारा माणूस आपली जमीन, आपले खाते, आपला आजार परक्यापुढे उघडा करतो. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी काही विचारले, तर त्यांच्या हातातला फोन घेऊन चटकन काम उरकू नका. शेजारी बसा आणि त्यांच्याच बोटाने कळ दाबू द्या. वेळ लागेल. रात्रीच्या शाळेतही लागलाच असेल.