न्हाणीघराचा उतार

भिलाईच्या रुआबांधा सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरचं न्हाणीघर पाच फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. खाली घोटीव सिमेंट, भिंतीला कमरेपर्यंत सिमेंटचाच गिलावा, त्यावर चुना. एक नळ, एक खुंटी, डोक्याच्या वर सिमेंटच्या जाळीचा झरोका आणि साबणापुरता कोनाडा. संडास शेजारी, पण त्याची खोली वेगळी, दार वेगळं. मी पोलाद कारखान्याच्या नगर सेवा विभागात बांधकामाच्या देखभालीत नोकरी केली. अशी न्हाणीघरं दुरुस्त करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे.

निमित्त सूनबाईचं. तिला हे न्हाणीघर नव्याने करायचं आहे. तिने मोबाईलवर चित्रं दाखवली. राखाडी भिंती, एक बुटकी लाकडी बैठक, एक नळ, बाकी सगळं मोकळं. "बाबा, असं शांत हवं. भडक काही नको," म्हणाली. चित्रं मला मनापासून आवडली. पण पाहताना मन रंगांवर थांबलं नाही. या मोकळ्या खोलीत पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि ते आणतं कोण, हेच मी शोधत राहिलो. कारण आमच्या भागात आंघोळीची जागा तीनदा मोकळी होती आणि तिन्ही वेळा त्याची कारणं निराळी होती.

पहिली जागा तळ्याची. रुआबांधा सेक्टरला लागून रुआबांधा बस्ती आहे. कारखाना येण्याआधी हा सगळा धानाच्या शेतांचा मुलूख होता आणि छत्तीसगडी गावात आंघोळ तरियावर, म्हणजे गावतळ्यावर होई. दगडी पायऱ्यांना इथे पचरी म्हणतात. बायकांची पचरी वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि जातीपातीचे घाटही वेगळे असत. बायका काळ्या मातीने केस धूत. गरिबाच्या घरात न्हाणीघर नव्हतंच. तिथली मोकळीक कुणी निवडलेली नव्हती. वैशाखात तळं आटलं की उरलेल्या गढूळ पाण्यात माणसं आणि म्हशी एकाच वेळी उतरत. त्या तळ्यांच्या गारव्याचं कौतुक करताना हे विसरू नये.

दुसरी जागा आजोबांच्या घरची. आमचं मूळ गाव पवनी, भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठचं. घाट आणि देवळांचं गाव. पुरुष नदीवर जात. घरामागच्या परसातली न्हाणी बायकांची, आजाऱ्यांची आणि बाळंतिणीची. तिच्या तळाला सपाट काळा दगड, एका बाजूला किंचित उतरता, भिंतीच्या पायथ्याशी मोरीचं भोक, आणि भोकाबाहेर अळू नि केळी. कोनाड्यात तेलाची वाटी, शिकेकाई, रिठे, टाच घासायची वज्री. खुंटीवर लुगडं. बसायला पाट, समोर पितळी गंगाळ, त्यात तांब्या. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होतं, त्यामुळे आमच्याकडे गंगाळ जाड आणि दणकट असे. बाहेर तांब्याचा बंब. त्याच्या पोटातून जाळाची उभी नळी गेलेली, नळीत भुट्ट्याची बोंडकं नि लाकडाच्या ढलप्या, खाली राख पडायची जाळी. वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी बाहेर येई. जेवढं ओतावं तेवढंच मिळे, हा त्या यंत्राचा शहाणपणा.

त्या खोलीत एकही वस्तू बिनकामाची नव्हती. का नव्हती? एक तर पाणी डोक्यावरून येई. विहिरीपासून न्हाणीपर्यंतची प्रत्येक खेप आजीची, आत्यांची, आईची. एका माणसाला एक गंगाळभर पाणी हे माप त्यांच्या मानेने ठरवलेलं होतं. आणि दुसरं म्हणजे ओली जागा लवकर कोरडी व्हायला हवी, नाहीतर शेवाळ धरतं आणि बाळंतीण घसरते. म्हणून जमिनीवर काही ठेवायचं नाही. जे ठेवायचं ते कोनाड्यात किंवा खुंटीवर. आज ज्याला आपण साधी, शांत मांडणी म्हणतो, ती तिथे बायकांच्या कष्टावर उभी होती. ती सुंदर होती हे मी मानतो, पण तिची किंमत कुणी मोजली हे सांगितल्याशिवाय तिचं नाव घेणं मला बरोबर वाटत नाही.

सजावट मात्र होती, आणि तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. नरक चतुर्दशीच्या पहाटे, सूर्य उगवायच्या आत, न्हाणीचा दगड आधी घासून धुतला जाई. पाटाभोवती रांगोळी, कोनाड्यात पणती, पाटाशेजारी उटण्याची वाटी आणि पायाने चिरडायला कारीट. आई तेल लावी, मग उटणं, मग कढत पाण्याचे तांबे. पहिल्या तांब्याने रांगोळीचा एक कोपरा जाई, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत रंगांचे ओघळ मोरीकडे लागलेले असत. पुढच्या भावंडासाठी रांगोळी पुन्हा काढायची. लग्नघरात हळद उतरवायची आंघोळही अशीच, चार कोपऱ्यांना चार तांबे, त्यांना गुंडाळलेलं सूत, आणि काम झालं की सगळं उचलून जागा रिकामी. बाळाला पाय पसरून बसलेली बाई न्हाऊ घाली, मग ओवा-वावडिंगाची धुरी, आणि तासाभरात तिथे पुन्हा नुसता ओला दगड. माझ्या पाहण्यात तरी आमच्या लोकांनी न्हाणीला कायमची शोभा कधी चढवली नाही. शोभा त्या दिवसाची, त्या अंगाची, आणि पाण्याबरोबर जाणारी. सूनबाईच्या चित्रांतल्या खोल्यांपेक्षा मला हे जास्त धीट वाटतं.

संडासाचं मात्र वेगळं होतं आणि ते सांगताना मन जड होतं. पवनीच्या घरात तो परसाच्या टोकाला होता, कारण तो साफ करायला दुसरी माणसं येत, मागच्या बोळातून, आणि त्यांना घरात पाऊल टाकू दिलं जात नसे. न्हाणी शुद्ध नि संडास दूर, ही विभागणी जातीने आखलेली होती. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, तेच पुढे सेवाग्राम झालं. माती, बांबू आणि कौलांच्या त्यांच्या कुटीत स्नानाची जागा त्यांनी जोडूनच ठेवली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून संडासांचं काम केलं. मानवी हातांनी मैला काढायला लावण्यावर कायद्याने बंदी यायला मात्र १९९३ साल उजाडलं.

या पार्श्वभूमीवर भिलाईच्या टाऊनशिपकडे बघा. सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. तेव्हा दुर्ग आणि भंडारा एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचना झाली १ नोव्हेंबर १९५६ला. मध्ये सीमा पडली तरी रेल्वेची वाट तीच राहिली, भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग. माझे वडील त्याच वाटेने आले आणि येताना गंगाळ घेऊन आले. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं तेव्हा वडील इथे कामावर होते.

इथे आंघोळीची तिसरी मोकळी जागा भेटते. क्वार्टरमध्ये नळ होता आणि फ्लशचा संडास होता. मलवाहिन्या जमिनीखालून जात होत्या, म्हणून मागच्या बोळातून कुणाला यावं लागत नव्हतं. बालोदजवळचा तांदुला जलाशय इंग्रजांच्या काळात, १९२१च्या सुमारास पुरा झाला, धानाच्या शेतीसाठी. त्याच्या कालव्याचं पाणी मरोदा टाकीत येऊन कारखान्याला आणि वस्तीला पुरवलं गेलं. पुढे महानदीवरच्या गंगरेल धरणाचा आधार मिळाला. आई नेहमी म्हणायची, भिलाईने मला मान परत दिली. ती प्रतिष्ठेबद्दल बोलत नव्हती, खरोखरच्या मानेबद्दल बोलत होती.

क्वार्टरचं न्हाणीघर साधं होतं त्याचं कारण सरकारी हिशोब. दहा लाख टनांच्या कारखान्यासाठी हजारो घरं एकदम उभी करायची, तर प्रत्येक घराला जेवढं लागतं तेवढंच. पण त्या नकाशात कुणीतरी नीट विचार केला होता. झरोका उंच आणि बाहेरच्या भिंतीला, म्हणून वाफ निघून जाई. दाराच्या उंबऱ्यापासून नहाणी ट्रॅपपर्यंत दर फुटाला पाव इंच उतार. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम साचलेलं, ते गटाराची दुर्गंधी अडवतं. बादलीभर पाणी ओता आणि पाहा, ते रेंगाळत नाही. हा उतार मी नोकरीत पातळीची नळी लावून तपासत असे. असा उतार काही नवा नाही. पुरातत्त्वज्ञ काशिनाथ नारायण दीक्षितांनी, हे पंढरपूरचे, १९२४-२५मध्ये मोहेंजोदडोला जिथे उत्खनन केलं त्या भागाला आजही त्यांच्या नावावरून डीके म्हणतात. त्या शहरातल्या घरोघरी न्हाणीची जागा सापडली. विटा घासून कडेला कड भिडवलेल्या, आणि सगळ्यांचा उतार एका कोपऱ्याकडे, भिंतीतून रस्त्यावरच्या नालीत. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याचं काम आमच्या खात्याने बिनशर्त पास केलं असतं.

मग ही जागा भरली कशी? आधी पाण्यामुळेच. नळ सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी येई, म्हणून पिंप आलं, पिंपाशेजारी बादल्या, वर टाकी, टाकीचे पाईप. बाहेरच्या बंबाच्या जागी आत गीझर. कोनाड्यातल्या शिकेकाईच्या जागी बाटल्या, प्रत्येकाची वेगळी. मग टाइल्स. एच अँड आर जॉन्सन ही कंपनी भारतात १९५८ साली सुरू झाली, म्हणजे भिलाईच्या भट्टीच्याच काळात, पण कामगारांच्या घरांत चकचकीत टाइल यायला पुढे बरीच वर्षं लागली. २०००नंतर क्वार्टर्स दीर्घ मुदतीच्या लीजवर मिळू लागली आणि लोकांना आपल्या भिंतीला हात लावता आला. त्या वर्षांत मोरबीच्या टाइल्सचे ट्रकच्या ट्रक इथे उतरले. हिरव्या बॉर्डर, मधोमध कमळाची हायलायटर, निळे डॉल्फिन. आयुष्यभर कंपनीच्या चुन्यात राहिलेल्या माणसाने हौसेने डॉल्फिन निवडला तर त्याला मी नावं ठेवणार नाही. मला सलत होतं ते दुसरंच. जुन्या सिमेंटवर टाइलचा थर चढवताना उतार मोडत होता. उंबरा बुडत होता, ट्रॅप खाली राहत होता, आणि देखण्या फरशीवर पाण्याची तळी साचत होती.

पांढरी गुळगुळीत टाइल युरोपात पसरली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रोगजंतूंचा शोध लागल्यावर. मळ दिसला पाहिजे म्हणून पांढरी, मळ बसू नये म्हणून गुळगुळीत. व्हिएन्नाच्या अडोल्फ लूस या वास्तुकाराने तर १८९८ साली नळकाम करणाऱ्यांवर लेख लिहून त्यांना संस्कृतीचे कारागीर म्हणून मान दिला. देखभाल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं. सूनबाईच्या चित्रांतली बुटकी बैठक मात्र जपानची. तिथे आधी बसून, बादलीने पाणी घेऊन अंग धुतात आणि स्वच्छ झाल्यावरच टबात उतरतात. बसून आंघोळ करणाऱ्याला वरच्या भिंतीचं फारसं काही दिसत नाही. त्याच्या नजरेसमोर जमीन असते आणि गुडघ्याच्या उंचीपर्यंतची भिंत. पाटावर बसणाऱ्या आमच्या आज्यांची नजरही तिथेच असे, म्हणून त्यांनी दगड घासला आणि रांगोळी खाली काढली.

हे मी सूनबाईला सांगितलं तेव्हा तिने नकाशाच बदलला. भिंतीच्या टाइल्सचा खर्च निम्मा केला. जुनं सिमेंट कोब्यापर्यंत खणून काढायचं, नव्याने कोबा, त्यावर खरखरीत राखाडी फरशी, उतार पूर्वीचाच, दर फुटाला पाव इंच. झरोक्याची जाळी तशीच ठेवायची, एक्झॉस्ट फॅनसाठी ती फोडायची नाही. पिंप मागच्या अंगणात हलवायचं. बाटल्यांसाठी भिंतीत एक लांब कोनाडा, पण तो मिस्त्रीला बसून दाखवायचा, म्हणजे बसल्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर येईल. गंगाळाला कल्हई नको, फक्त चिंचेने घासून घ्यायचं, कारण त्यात नातवाची आंघोळ होणार आहे.

आमचा वाद राहिला तो एकाच गोष्टीवर. तिला कोपऱ्यातल्या गोल जाळीऐवजी भिंतीच्या कडेने जाणारी लांब चिंचोळी नाली हवी, वर फरशीचंच झाकण, म्हणजे डोळ्यांना काही टोचत नाही. दिसायला ती सुरेखच आहे. पण केस, साबणाचं मेण आणि उटण्याचा चोथा त्याच झाकणाखाली जमतो आणि तो काढायला दर आठवड्याला कुणीतरी वाकतं. मी अट घातली की झाकण कोणत्याही अवजाराशिवाय हाताने उचलता आलं पाहिजे आणि ते उचलायची पाळी घरातल्या प्रत्येकाची असली पाहिजे, मुलाचीही. तिने दोन्ही अटी मान्य केल्या. सोमवारी मिस्त्री माप घ्यायला येतो आहे, आणि पातळीची नळी मी शोधून ठेवली आहे.